बारा पावलं आणि एक मेल

मंडळी, गेल्या आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी मी एक मेल लिहिली. चांगली लांबलचक, मुद्देसूद, एक-दोन-तीन असे आकडे टाकून. आमच्या टीममधल्या एका मुलाला. रिलीजमध्ये एक बग गेला होता, क्लायंटने सकाळपासून बोंब मारली होती, आणि चूक सगळी (म्हणजे मला तेव्हा वाटलेली सगळी) त्या मुलाची होती. मेलमध्ये एकही वावगा शब्द नव्हता. 'कृपया', 'यापुढे दक्षता घ्यावी', सगळं जिथल्या तिथे. सीसीमध्ये मॅनेजर आणि आणखी चार जण. मेल पाठवली, लॅपटॉप मिटला आणि एक काम हातावेगळं केल्याच्या समाधानात घरी आलो.

हा मुलगा माझ्या जागेपासून बारा पावलांवर बसतो. (नंतर मोजली.) मेल पाठवली तेव्हा तो जागेवरच होता, कानाला हेडफोन लावून. त्याच्या पाठीमागून बॅग घेऊन मी निघून आलो.

सोमवारी त्याचं उत्तर आलं. तेही मुद्देसूद. त्यातल्या तिसऱ्या मुद्द्याशी मी अडखळलो. तीन आठवड्यांपूर्वी कॉफी मशीनपाशी त्याने मला विचारलं होतं, की वेळ कमी आहे, ही एक तपासणी या खेपेला गाळली तर चालेल का? आणि मी म्हणालो होतो, "चालेल रे, पुढच्या वेळी बघू." मला लख्ख आठवलं. हातातल्या कपासकट आठवलं. पण हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. 'मी असं म्हणालोच नाही' असं मी लिहिलं असतं तर विषय तिथेच संपला असता.

आणखी एक. टीममधली पोरं मला 'दादा' म्हणतात. त्या मेलची सुरुवात 'आदरणीय सर' अशी होती.

थोडक्यात काय, जिथे लिहायला हवं होतं तिथे मी बोललो, आणि जिथे बोलायला हवं होतं तिथे लिहिलं. दोन्हीकडे जे सोपं होतं ते केलं. आठवडाभर हे डोक्यात घोळत होतं. आता माझी एक जुनी खोड आहे, काही बिनसलं की मी इतिहासाची पुस्तकं काढून बसतो. शनिवार त्यातच गेला. बोलावं की लिहावं हा प्रश्न आपल्या लोकांना मेल येण्याच्या कितीतरी आधीपासून पडत होता, आणि त्यांनी त्यावर आपल्यापेक्षा जास्त डोकं चालवलं होतं असं माझं मत झालंय. ते तुम्हाला सांगतो.

सुरुवात प्रतापगडापासून. १६५९ साल. अफझलखान वाईला तळ देऊन बसलाय आणि शिवाजी महाराज प्रतापगडावर. दोघांच्या मध्ये जावळीचं जंगल. या काळात दोन्हीकडून वकिलांची ये-जा झाली. (तेव्हा वकील म्हणजे कोर्टातला काळा कोटवाला नव्हे, तर धन्याच्या वतीने बोलणी करणारा माणूस.) खानाकडून कृष्णाजी भास्कर, महाराजांकडून पंताजी गोपीनाथ. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आपलं सगळं लक्ष वाघनखांकडे असतं, वकिलांकडे कोण बघतो! पण १० नोव्हेंबरची भेट ठरली ती या बोलण्यांमुळे. खानाच्या मनात नेमकं काय आहे हे पंताजींना त्याच्या छावणीत जाऊन, त्याच्यासमोर बसून, त्याच्या सरदारांत वावरून काढायचं होतं. खान कुठल्या प्रश्नावर गप्प बसतो, कुठे उगाच हसतो, हे कुठल्याही खलित्यात लिहून येत नाही. आणि महाराज घाबरलेत, तुम्हीच या, हे खानाला पटवायचं काम नुसत्या कागदाने झालं असतं असं मला वाटत नाही. त्याला समोर माणूसच लागतो.

जुनी मराठी पत्रं वाचताना एक गंमत दिसते. नमस्कार-चमत्कार होतात, एखाद-दुसरा विषय येतो, आणि मग अशा अर्थाचं वाक्य येतं की बाकीचा मजकूर पत्र घेऊन आलेला माणूस समक्ष सांगेल. म्हणजे पत्राचं काम काय? तर 'हा माणूस माझा आहे, याच्यावर विश्वास ठेव' एवढंच सांगणं. आपल्या भाषेत बोलायचं तर पत्र हे लॉगिन, खरा डेटा माणसाच्या डोक्यात. वाटेत कागद पकडला गेला तरी पकडणाऱ्याच्या हाती फारसं काही लागायचं नाही. आणि पत्राचा शेवट ठरलेला: बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ आहात. मला हे वाक्य फार आवडतं. जास्त लिहीत नाही, उरलेलं तुम्ही समजून घ्याल, असा त्यात विश्वास आहे. माझ्या शुक्रवारच्या मेलमध्ये नेमकी हीच गोष्ट नव्हती. मी 'बहुत' लिहिलं होतं आणि समोरचा सुज्ञ आहे असं अजिबात धरलं नव्हतं.

कागद वाटेत कुणाच्याही हाती लागतो, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना कशी कळली ते आठवा. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. नानासाहेब फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. ग्रँट डफने दिलेल्या हकिकतीप्रमाणे वाटेत सावकारांचा एक जासूद सापडला आणि त्याच्याकडचं पत्र उघडलं गेलं. ते पत्र पेशव्यांसाठी नव्हतंच. सावकाराने सावकाराला लिहिलेलं, आणि तेही सावकारीच्या भाषेत: दोन मोती विरघळले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती बुडाला त्याची मोजदादच नाही. वाचणाऱ्याला अर्थ कळायला वेळ लागला नसेल. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. एक मुलगा, एक चुलतभाऊ. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब गेले. आपल्या घरातल्या मृत्यूची बातमी दुसऱ्याच्या व्यापारी पत्रातून, हिशोबाच्या शब्दांत वाचावी लागणं म्हणजे काय असेल, विचार करा. शेजारी बसून, हातावर हात ठेवून सांगणारं कुणी नाही.

पण याचा अर्थ बोलणं चांगलं आणि लिहिणं वाईट, असा काढू नका. महाराजांचंच उदाहरण घेतो. चिपळूणला छावणी करून असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना त्यांनी लिहिलेलं, १६७० च्या दशकातलं एक पत्र प्रसिद्ध आहे. विषय काय, तर गवत आणि दाणा. पावसाळ्यासाठी साठवलेला चारा आत्ताच उधळलात तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांकडे जाल, कुणी दाणे आणेल, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी भाजी. मग रयत म्हणेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. त्याच्याही पुढे जाऊन, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल. चिलमी ओढताना, स्वयंपाक करताना जपा.

आता बघा, हे तोंडी सांगता आलं असतं का? एका जासुदाला सांगितलं असतं तर त्याने चिपळूणला जाऊन काय सांगितलं असतं? "महाराज म्हणाले, गवत जपून वापरा." झालं! उंदीर आणि वात वाटेतच गळून गेले असते. ज्यात बारकावे आहेत, जे अनेकांना एकसारखं कळायला हवं आणि जे चार महिन्यांनी पुन्हा काढून बघावं लागेल, ते लिहायलाच हवं. आणि गंमत म्हणजे ते पत्र वाचताना ऐकल्यासारखं वाटतं. घरातलं मोठं माणूस समोर बसवून समजावतंय, असंच केलंत तर असं होईल बरं का, असा त्याचा सूर. दम आहे, पण दम का दिला त्याचं कारणही प्रत्येक वेळी दिलंय.

लिहिलेल्या गोष्टीची एक भीती असते, ती म्हणजे मागून कुणी तिच्यात भर घातली तर? त्यावरही तोडगा होता. महाराजांच्या पत्रांच्या शेवटी एक वेगळी छोटी मुद्रा असे, 'मर्यादेयं विराजते'. म्हणजे या पत्राची हद्द इथे संपली. तिच्याखाली कुणी काही लिहिलं तर ते आमचं नाही. आपण फाईल संपल्याची खूण ठेवतो ना, तीच कल्पना, साडेतीनशे वर्षांपूर्वीची. या शेवटच्या मुद्रेला मोर्तब म्हणत. वर शिक्का, खाली मोर्तब. आपण 'मॅनेजरने शिक्कामोर्तब केलं' असं म्हणतो तेव्हा नकळत याच दोन ठशांची आठवण काढत असतो.

आणि मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे महजर. गावात वतनाचा, हद्दीचा, मानपानाचा तंटा झाला की गोतसभा बसायची. गावातले वतनदार, बलुतेदार, शेजारगावची जाणती माणसं. बहुतेकांना अक्षर ओळखीचं नाही. मग काय करायचं? आधी सगळं बोलायचं. सर्वांसमोर, भांडत, शपथा घेत. प्रत्येकाने आपलं म्हणणं मोठ्याने सांगायचं. आणि निवाडा झाला की तो कागदावर उतरवायचा, हा महजर. ज्याला सही येत नाही त्याने आपली निशाणी करायची. पाटलाची निशाणी नांगर, शेट्याची तागडी. कागदाच्या तळाशी नांगर, तागडी अशी चित्रं ओळीने. मीटिंगनंतर आपण 'मिनिट्स' पाठवतो ते हेच, फक्त आपले मिनिट्स कुणी वाचत नाही आणि त्यावर नांगरही नसतो :-)

या महजरात एक शहाणपण आहे. बोलणं आणि लिहिणं यात निवड करायचीच नाही, क्रम लावायचा. आधी तोंडावर बोला, म्हणजे प्रत्येकाला आपलं ऐकलं गेलं असं वाटेल. मग लिहा, म्हणजे उद्या कुणाला फिरता येणार नाही. अक्षरशत्रू कुणब्यालाही कागदाचं महत्त्व पक्कं कळत होतं. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरच्यांनी तो कागद जपून ठेवला, आणि पन्नास वर्षांनी पुन्हा तंटा उभा राहिला तेव्हा तोच काढून दाखवला.

आता त्या प्रकरणाकडे येतो ज्याच्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. 'ध चा मा.'

३० ऑगस्ट १७७३. पुण्याचा शनिवारवाडा. माधवराव पेशवे आदल्या वर्षी नोव्हेंबरात वारले होते आणि त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव गादीवर होता. वय वर्षं अठरा. चुलते रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत. त्या दिवशी भर दुपारी गारदी वाड्यात शिरले, सुमेरसिंग गारदी त्यांच्यात पुढे. पुढचं तुम्हाला माहीत आहे. नारायणराव पळत चुलत्याकडे गेला आणि मारला गेला. त्याला वाचवायला अंगावर पडलेला चाफाजी टिळेकर नावाचा सेवकही मेला.

जेम्स ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात अशी हकिकत आहे की रघुनाथरावांनी गारद्यांना लेखी हुकूम दिला होता तो नारायणरावाला 'धरावे' असा. नंतर रामशास्त्री प्रभुणे यांना तो कागद मिळाला, तेव्हा त्यावर 'मारावे' असं केलेलं दिसलं. हा बदल आनंदीबाईंनी केला असा लोकांचा समज असल्याचं तो सांगतो. हा समज इतका मुरला की भाषेत वाक्प्रचार होऊन बसला. पण समज तो समज. तिने स्वतः अक्षर बदलल्याचा निर्विवाद पुरावा नाही आणि अनेक अभ्यासकांनी या गोष्टीवर शंका घेतली आहे. तेव्हा दोनशे-अडीचशे वर्षं एका बाईच्या माथी मारलेला हा डाग आपण तरी जपून उच्चारावा.

तरी एक इंजिनियर म्हणून मला या गोष्टीत दिसतं ते वेगळंच. एका अक्षराचा फरक! शिक्का वर असतो, मोर्तब खाली असतं, ती दोन्ही कागदाची टोकं राखतात. मधलं अक्षर कोण राखणार? आणि तो कागद असल्यामुळे झालं काय, तर प्रत्येकाला मागे लपायला जागा मिळाली. रघुनाथराव म्हणू शकतात, मी तर धरा म्हणालो होतो. गारदी म्हणू शकतात, आम्ही कागदाप्रमाणे केलं. अक्षर बदलणाऱ्याला तर चेहराच नाही. चुलत्याने गारद्यांना समोर उभं करून चार लोकांदेखत तोंडाने सांगितलं असतं, तर एक तर हुकूम बदलला नसता, नाहीतर जो बदलला तो कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक असतं.

डफच्या हकिकतीतला पुढचा भाग जास्त भयानक आहे. नारायणरावाने चुलत्याला मिठी मारली तेव्हा म्हणे रघुनाथरावांनी सुमेरसिंगाला विनवलं की सोड याला. सुमेरसिंगाने ऐकलं नाही. उलट धमकावलं की बाजूला व्हा, नाहीतर याच्याबरोबर तुम्हीही मराल. आपण इथवर आलोय ते आता मागे फिरून स्वतःचा जीव घालवायला नाही, असं त्याचं म्हणणं. हुकूम कागदावर चढून गेला होता, माणसं निघाली होती, काम सुरू झालं होतं. तोंडच्या शब्दाला आता किंमत उरली नव्हती.

आणि मग येतात रामशास्त्री. पेशव्यांचे न्यायाधीश. त्यांनी आठवडेच्या आठवडे चौकशी केली आणि खुनामागे रघुनाथराव आहेत या निष्कर्षाला आले. रघुनाथराव तेव्हा कोण? तर पेशवे! म्हणजे आरोपी हाच मालक. आता इथे रामशास्त्र्यांपुढे आपलाच प्रश्न होता. सांगायचं कसं? गावी निघून जाऊन तिथून पत्र पाठवता आलं असतं. गुळमुळीत शब्दांत अहवाल लिहिता आला असता. आजारपणाचं कारण काढून रजेवर जाता आलं असतं. (आपण ओळखतो ना अशी माणसं!) ते समोर गेले आणि तोंडावर बोलले. याला प्रायश्चित्त काय, असं विचारल्यावर तुमचा प्राण हेच प्रायश्चित्त, असं उत्तर दिलं, आणि तुम्ही कारभारावर असेतो पुण्यात राहणार नाही म्हणून वाईजवळच्या एका गावी निघून गेले.

लक्षात घ्या, कागदाची सगळी ताकद त्यांना ठाऊक होती. आयुष्यभर पुराव्यांचं काम केलेला माणूस. चौकशी कागदावरच झाली असणार. पण शेवटचं वाक्य, जे समोरच्याला सर्वात टोचणार होतं, ते त्यांनी त्याच्या डोळ्यात बघून उच्चारलं. ज्याला टोचायचं त्याला ते टोचताना आपण समोर असावं, एवढी हिंमत हवी. मी ही पानं वाचत होतो तेव्हा मला माझी बारा पावलं आठवली, आणि खरं सांगतो, लाज वाटली.

पुढचा इतिहास भरभर सांगतो, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. १८५४ मध्ये इंग्रजांनी टपालाला देशभर एकच दर लावला, पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पुण्याहून साताऱ्याला जावो की कलकत्त्याला. १८७९ मध्ये पोस्टकार्ड आलं, पाव आण्याचं. आता सामान्य माणूसही लिहू शकत होता, पण उघड्यावर. पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत कुणीही वाचावं. म्हणून कार्डावर फक्त खुशाली, आणि भांडण, उसनवारी, मुलीचं जमत असलेलं लग्न हे 'समक्ष भेटीत बोलू'. तारेचे पैसे शब्दांवर, त्यामुळे दर शब्दाला माणूस विचार करायचा. ही तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण दारात तारवाला दिसला की घरातल्या बायका आधी रडायला लागायच्या, हे माझी आजी सांगायची. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ मध्येच आलं, पण फोन घरोघरी पोचायला पुढची शंभर वर्षं लागली. आणि १९९५ मध्ये मोबाईल आले तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडत. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, तरी आपण 'मिस्ड कॉल देतो' म्हणतच राहिलो. न बोलता, न लिहिता 'पोचलो' कळवण्याची ही आपली अस्सल देशी पद्धत.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी होती. बोलायचं की लिहायचं हे बऱ्याच वेळा अंतर ठरवायचं, नाहीतर खिसा. माणूस लांब आहे म्हणून पत्र. पैसे नाहीत म्हणून कार्ड. घाई आहे म्हणून तार. माणसाला निवडीला वाव थोडा होता.

जिथे वाव होता तिथे मात्र आपले लोक फार चोखंदळ होते. लग्नाची पत्रिकाच घ्या. छापलेली, हळदकुंकू लावलेली, नावनिशीवार. पण नुसती पत्रिका पोचली तर काय ऐकावं लागतं? "पत्रिका टाकली हो, पण तोंडाने बोलावलं नाही." या एका वाक्यावर मामा-मावश्यांमध्ये वर्षानुवर्षं अबोला चालल्याचं तुमच्याही घरात असेल. म्हणून तर पत्रिकेच्या तळाशी ती ओळ छापतात, की घाईत प्रत्यक्ष आमंत्रण द्यायचं राहून गेलं असेल तर हेच आग्रहाचं निमंत्रण समजावं. म्हणजे कागदच कबूल करतोय की मी पुरेसा नाही! लहानपणी मला हा सगळा मानपानाचा फाजीलपणा वाटायचा. आता वाटतं, मावशीचं बरोबर होतं. तारीख-वेळ-पत्ता तिला पत्रिकेतून कळलाच होता. तिला हवी होती ती कुणीतरी आपल्यासाठी वाकडी केलेली वाट.

आज अंतर संपलं, पैसेही संपले. मेल फुकट, व्हॉट्सअ‍ॅप फुकट, कॉल जवळजवळ फुकट. मग आता बोलावं की लिहावं हे ठरवतं कोण? माझ्यापुरतं उत्तर सापडलंय, आणि ते फारसं कौतुकाचं नाही. भीती ठरवते. समोरच्याचा चेहरा बघायची भीती वाटली की आपण लिहितो. शब्दात अडकायची भीती वाटली की आपण बोलतो. शुक्रवारी मला त्या मुलाचा उतरलेला चेहरा बघायचा नव्हता, म्हणून मेल. कॉफी मशीनपाशी मला तपासणी गाळल्याची जबाबदारी अंगावर घ्यायची नव्हती, म्हणून "चालेल रे". नोकरीवरून काढल्याचं मेलने कळवणारे आणि पगारवाढीचं आश्वासन फक्त तोंडी देणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. हे दोन वेगळे लोक नसतात, बहुतेकदा एकच माणूस असतो. मीही त्याच जातीचा निघालो, एवढंच.

पण मग त्या मुलानेही मेलच केली, त्याचं काय? तो का नाही चालत आला? यावर मी बराच विचार केला, आणि मला वाटतं त्याने केलं ते बरोबर केलं. पाच जणांसमोर त्याच्यावर लेखी आरोप झाला होता. तो माझ्याकडे येऊन हळूच बोलला असता तर त्या पाच जणांना काय कळलं असतं? त्याच्या हातात अधिकार नाही, त्याच्याकडे फक्त कागद आहे. महजरावर नांगर काढणाऱ्या कुणब्यासारखा. दुबळ्या बाजूला कागदाचा आधार लागतो. तो त्याने घेतला म्हणून त्याला उद्धट म्हणणं हा कांगावा होईल. चालत जायची जबाबदारी ज्याच्या हातात जास्त आहे त्याची. म्हणजे माझी. (आणि हातात कमी असूनही जो चालत जातो त्याचं नाव अडीचशे वर्षं टिकतं, ते वेगळं.)

मग आता मी काय करणार? महजराचा क्रम लावणार. आधी बोलायचं, मग लिहायचं. माफी तोंडी आणि कबुली लेखी. माफी मेलवर मागितली तर ती पुन्हा पळवाटच होईल, चेहरा न बघता केलेली. आणि कबुली नुसती तोंडी दिली तर ती कॉफी मशीनपाशीच विरून जाईल. ज्या पाच जणांनी शुक्रवारची मेल वाचली, त्याच पाच जणांना हे कळायला हवं की तपासणी गाळायला मी हो म्हटलं होतं. सीसीतलं एकही नाव कमी न करता. तारीख लिहून, कॉफी मशीनसकट.

ती मेल मी आज लिहून ठेवली आहे. चारच ओळींची आहे. पाठवलेली नाही, कारण आधी दुसरं काम आहे. गेला आठवडाभर आम्ही एकमेकांशी फक्त कामापुरतं बोललो, तो 'सर' म्हणत राहिला आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करत राहिलो. 'दादा' परत येईल की नाही ते काही माझ्या हातात नाही.

असो. बराच लांबला हा लेख. उद्या सोमवार आहे. लॅपटॉप उघडायच्या आधी बारा पावलं चालायची आहेत.